अनंताने फोडलेला साचा

“पेणच्या मातीतून ज्या घराने पिढ्यानपिढ्या गणपती घडवले, त्याच घरातल्या अनंतकाकांनी जन्मभर इंग्रजांची कधीही न उडालेली अंतराळयाने घडवली. त्यांतल्या अखेरच्या यानाची कंपनी बंद पडल्याची बातमी आली आणि काका आतून विझत गेले. शेवटी एके दिवशी, स्वतःच्या हातांनी केलेला साचा त्यांनी स्वतःच्याच हातांनी फोडला. एक स्वप्न अपुरे राहिले.”

ही वाक्ये याच पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी छापून आली आहेत. लिहिणारा मंगेश हा अनंताचा पुतण्या. पेणमधला त्या घराचा मूर्तींचा कारखाना आज तोच चालवतो. मुलगा गुणी आहे. अनंताला खांदा देताना तो कसा रडला ते मी पाहिले आहे, आणि त्याच्या लेखातल्या प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु प्रेमाने लिहिलेली चुकीची गोष्ट लोक अधिक जपून ठेवतात, म्हणून तिचा समाचार वेळेवर घ्यावा लागतो. अनंत माझा बालमित्र, आणि पुढे माझ्या धाकट्या बहिणीचा, शालिनीचा, नवरा. मी मूळचा पेणचाच. रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतरही मी तिथेच राहिलो. कंपनी बंद पडली हे मला मान्य आहे. साचा अनंताने फोडला, हेसुद्धा मला मान्य आहे. उरले ते ‘विझत गेले’ आणि ‘अपुरे राहिले’. या दोन शब्दप्रयोगांशी माझे भांडण आहे, आणि ते मी येथे शेवटपर्यंत नेणार आहे.

माघातल्या एका सकाळी कुंडलिकेच्या काठावरून फिरून आलो होतो, चपला अजून पायातच होत्या, आणि मंगेशचा फोन आला. “मामा, काका गेले,” एवढेच तो बोलला. अनंत झोपेतच गेला होता. मिळाली ती पेणची गाडी मी धरली. निडी मागे पडले, नागोठणे आले. अनंताने नोकरीची वर्षे नागोठण्याजवळच्या रसायनांच्या कारखान्यात काढली. शनिवारी शाळा सुटल्यावर मी रोह्याहून निघायचो आणि शिफ्ट संपवून तो नागोठण्याला त्याच गाडीत चढायचा. त्याच्यासाठी जागा धरून ठेवणे हे माझे काम. त्या सकाळीही माझी पिशवी शेजारच्या जागेवर होती. ती मी तिथे केव्हा ठेवली, ते मला पेण येईपर्यंत कळले नाही.

दिवसकार्य झाले, पाहुणे पांगले, आणि मंगेशचा लेख आला. तो ज्या दिवशी आला त्याच दिवशी शालूचा फोन. माझी बहीण रडकी नाही. तिने प्रश्न विचारला तो मिठाचा डबा कुठे आहे असे विचारावे तशा आवाजात. “दादा, हे हरले होते का रे? वर्षभर माझ्यासमोर बसून चहा पीत होते. मला कसं नाय कळलं?” कारखान्याच्या मागे, फणसाच्या झाडाकडे उघडणारी एक खोली आहे. तिथे अनंताची विमाने असायची, आणि दुपारचा चहा ती दोघे तिथेच घ्यायची. लेख वाचल्यापासून शालूने त्या खोलीला कुलूप घातले होते. मी हा लेख का लिहितो आहे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर त्या कुलपात आहे. वाचकांचे मत बदलले नाही तरी चालेल; पण ज्या माणसाच्या समोर ती जन्मभर बसली, तो शेवटच्या वर्षी तिच्यापासून हार लपवून बसला होता, हे मनात घेऊन माझ्या बहिणीने उरलेले आयुष्य काढावे, हे मला चालणार नाही.

आता अगदी आरंभापासून सांगतो, कारण शोकसभेत आरंभाबद्दलही बरेच बोलले गेले. एका गृहस्थांनी सांगितले की अनंताला हा नाद कोणा इंग्रज इंजिनिअरने लावला. अनंताने आयुष्यात एकही इंग्रज इंजिनिअर पाहिला नव्हता. त्याला हा नाद रद्दीने लावला. आम्ही नुकते मॅट्रिक झालो होतो. त्यांच्या कारखान्यात तेव्हा शाडूबरोबर कागदाच्या लगद्याच्याही मूर्ती होत, आणि लगद्यासाठी मुंबईहून रद्दीचे गठ्ठे येत. त्यांत कधीमधी गुळगुळीत कागदाची विलायती मासिके निघत. तो कागद लवकर भिजत नसे, म्हणून अनंताची आई त्यांना शिव्या देत बाजूला फेकायची. अशाच एका फेकलेल्या पानावर एक चित्र होते : बोथट नाकाची, आखूड पंखांची तीन याने, एकाला एक चिकटवून उभी केलेली. तिन्ही हुबेहूब सारखी. अनंताच्या कोपरापर्यंत लगदा लागलेला होता. त्याने ते पान हातात घेतले, फरशीवर बसला, आणि मला म्हणाला, “मास्तर, हे बघ. तिन्ही एकाच साच्यातली हायत.” मी तेव्हा मास्तर नव्हतो. चित्रे काढतो म्हणून त्याने मला ते नाव आधीच देऊन टाकले होते.

त्या यानाचे नाव मस्टर्ड. नावाचा अर्थ मी शब्दकोशात पाहून सांगितला, तेव्हा त्याची आई चुलीपासून म्हणाली, “मोहरी? मग ते फोडणीलाच जायचं गो बाय.” आणि खरोखरच ते गेले. इंग्रजांची कल्पना अशी होती की तीन सारखी याने एकत्र उडतील. बाहेरची दोन आपल्याजवळचे इंधन मधल्याला देत देत वर नेतील, रिकामी होतील आणि विमानासारखी घरी परत येतील. मधले भरल्या पोटाने अंतराळात जाईल, आपले काम करील, आणि तेही परत येईल. काहीच समुद्रात टाकायचे नाही. तेव्हा रशिया आणि अमेरिकेची रॉकेटे एकदाच उडत आणि जळून वा बुडून जात. इंग्रजांनी मात्र परत येणारी वस्तू कागदावर काढली… आणि कागदावरच ठेवली. पैसा सरकारने द्यायला हवा होता, तो दिला गेला नाही. हे आम्हांला कळले तोवर काही वर्षे उलटली होती. इंग्रजांनी मारून टाकलेली याने पेणमध्ये अशी पुढे कितीतरी काळ जिवंत राहत.

त्या उन्हाळ्यात आम्ही सायकली घेऊन खारेपाटात जायचो, मिठागरांकडे. संध्याकाळची भरती अजून यायची असे. आगरांच्या चौकोनांत आभाळ उतरलेले असे, आणि बांधावर उताणे पडले की वर कुठले आणि खाली कुठले हे काही वेळाने सांगता येत नसे. अनंत डोळे मिटून बोलायचा. यान कसे सुटेल, बाहेरची दोन भावंडे मधल्याला कसे पाजत नेतील, मग ती कशी सुटी होतील आणि पांढऱ्या बगळ्यांसारखी तिरपी होत खाली येतील, मिठाच्या ढिगांपलीकडे कशी टेकतील… मी ऐकता ऐकता झोपून जायचो आणि जागा झालो की तो तिथेच असायचा, आभाळात, अजून परतायचा. एकदा त्याने मला विचारले, “आपल्याकडं परत येणारी वस्तू कुठली, सांग बघू?” वर्षभर त्याचे घर घाम गाळून ज्या मूर्ती करत असे त्या सगळ्या पाण्यात जायच्या होत्या, आणि त्यात कोणालाच दुःख नव्हते, त्यालाही नव्हते. अनंताला गणपतींचा कंटाळा होता असे जे कोणी म्हणतात, त्यांनी त्याला मूर्तीचे डोळे आखताना पाहिलेले नाही. नोकरीला लागल्यावरही श्रावणात रजा घेऊन तो कारखान्यात बसत असे आणि श्वास रोखून आखणी करत असे. त्याला फक्त एक वस्तू अशी हवी होती जी जाईल आणि येईल.

पुढे मी मुंबईला कलाशाळेत गेलो. दुसऱ्या वर्षी सुटीत घरी आलो, तो तिथे शिकवलेला एक प्रकार अनंताला दाखवण्याच्या हौसेने. पेणमध्ये साचा म्हणजे घराण्याची ठेव. तुकड्यातुकड्यांचा प्लास्टरचा साचा, जपून उघडायचा, जपून बांधायचा. एकातून मोसमात शेकडो मूर्ती निघायच्या. खंडेनवमीला साच्यांची पूजा होते, त्यांना हळदकुंकू लागते. मी त्याला फोडसाचा दाखवला. मातीचे मूळ शिल्प करायचे, त्यावर प्लास्टर चढवायचे, आतली माती काढून टाकायची, पोकळीत नवे प्लास्टर ओतायचे, आणि ते घट्ट झाले की बाहेरचा साचा बोथट पटाशीने फोडून काढायचा. आतून एकच प्रत निघते. साचा संपला, माती संपली, राहिले ते शिल्प. अंगावर सांध्याची एकही रेघ नसलेले. यात एक खुबी असते. साच्याचा पहिला पातळ हात निळीचे पाणी घालून निळा करतात आणि वरचा जाड थर पांढराच ठेवतात. फोडताना निळे दिसू लागले की कारागिराने समजायचे, आता अंग जवळ आले, हात हलका करा. आम्ही त्याच्या वडिलांचा मुखवटा असा केला. साचा फोडायला घेतला तेव्हा त्याच्या आईने ओटीवरून उठून आत जाऊन दार लावून घेतले. साच्यावर हातोडी चाललेली तिला पाहवली नाही. अनंताने मात्र निळे दिसू लागल्यावर पटाशी माझ्या हातून घेतली आणि उरलेला सगळा साचा त्यानेच उतरवला, टक… टक… टक, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण काढावे तसा.

नंतर त्याने डिप्लोमा केला, नागोठण्याच्या कंपनीत लागला, शालूशी लग्न झाले. ते लग्न मीच जमवले असे शालू सांगते. ते खोटे आहे, पण हा विषय वेगळा. वर्तमानपत्रांत आणि लंडनहून ऐकू येणाऱ्या रेडिओवर तेव्हा एक नवे नाव येऊ लागले होते, हॉटॉल. हे एकट्याने उडणारे यान होते. धावपट्टीवरून, एका गाड्यावर बसून धावत सुटायचे, वर जाताना इंजिनाने हवेतलाच प्राणवायू ओढून घ्यायचा, हवा विरळ झाली की पोटातला वापरायचा, आणि काम संपवून साध्या विमानासारखे उतरायचे. त्या इंजिनाचे गुपित इंग्रज सरकारने असे कुलूपबंद केले होते की ज्याने ते शोधले त्यालाही चारचौघांत त्याबद्दल बोलण्याची चोरी. अनंताला याचे फार हसू यायचे. नागोठण्याच्या गाडीत तो डबा उघडायचा आणि भाकरीचा तुकडा हवेतून तिरपा वर नेत मला समजावायचा. समोरची प्रवासी मंडळी भाकरीकडे पाहत राहायची.

एका पावसाळ्यात आंबा नदी नागोठण्यात शिरली. शिफ्टवरून निघालेला अनंत आणि त्याचे सोबती एका शाळेच्या माडीवर अडकले. खाली बाजारपेठेतून तपकिरी पाणी वाहत होते आणि जिन्याच्या पायऱ्यांवर गाळ साचत होता. अनंताने तो गाळ उचलला. पेणच्या माणसाच्या हातात माती आली की तो गप्प बसत नाही. त्याने हॉटॉल केले : लांब अंग, मागे इंजिने, मागेच पंख, आणि खाली गाडा म्हणून आगपेटी. केले खरे, पण ते उभे राहीना. शेपटीवर बसे. पुन्हा केले, पुन्हा बसले. सोबत्यांपैकी एक डोलवीकडचा आगरी गडी होता. तो बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “अनंता, पयले आमाला या पान्यातना भायेर काढ, मंग इंग्रजाला ने आभालात.” सगळी माडी हसली. अनंतही हसला, आणि त्याने यानाच्या नाकात एक खडा खुपसला. तेव्हा ते उभे राहिले. पुढे कधीतरी वाचनालयात त्याला एक लेख मिळाला. त्यात लिहिले होते की मागे असलेल्या जड इंजिनांमुळे त्या यानाचा तोल काही केल्या साधेना, आणि तो साधण्याच्या खटाटोपात ते वाहून नेणार ते ओझेच घटत गेले. सरकारने तर केव्हाच हात काढून घेतला होता. मग त्यांनी ते लहान करून एका अजस्र रशियन विमानाच्या पाठीवरून सोडण्याचा बेत केला. तोही बारगळला. अनंताने मला तो लेख वाचून दाखवला आणि म्हणाला, “बघितलंस? नाकात खडा घालून भागत नाय. मग आता इंजिनं मधे आणतील.” त्याच्या आवाजात खेद नव्हता. एखाद्या घरी मूर्तीला भेग गेली की दुसऱ्या घरचा कारागीर जसे बोलतो, तसा तो आवाज होता.

हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण शोकसभेत दुसरे एक सद्गृहस्थ, कंपनीतले निवृत्त अधिकारी, असे म्हणाले की अनंतराव इतके भोळे होते की ही विमाने खरोखर उडाली असे त्यांना वाटायचे. सभेत मी उठून बोललो नाही, कारण शालू समोर बसली होती. येथे बोलतो. अनंताला त्यांतले एकही उडाले नाही हे पक्के ठाऊक होते. प्रत्येक यान का थांबले, हेही त्याला सांगता येत असे. भोळेपणा असला तर तो एवढाच, की थांबलेली गोष्ट संपली असे तो मानत नसे.

इंजिने मधे आली, ती स्कायलॉनमध्ये. हॉटॉल सोडावे लागलेल्या काही इंजिनिअरांनीच पुढे त्याचा आराखडा केला, आणि तो अनंताने पहिल्यांदा पाहिला रोह्याच्या एका सायबर कॅफेत, माझ्या शेजारी बसून. पडद्यावर चित्र वरून खाली असे सावकाश उतरत होते, आधी टोकदार नाक, मग बारीक अंग, संपतच नव्हते… मग मधोमध आखूड पंख आणि पंखांच्या टोकांना किंचित वाकलेली दोन इंजिने. त्याने पडद्याला हात लावला. कॅफेवाला म्हणाला, “काका, हात नका लावू.” इंजिनात शिरणारी तापलेली हवा पापणी लवायच्या आत बर्फाहून थंड करायची, अशी त्यातली खरी करामत होती, आणि तेवढा भाग इंग्रजांनी जमिनीवर चालवूनही दाखवला. त्या बातमीच्या दिवशी अनंताने शालूकडून शिरा करवून घेतला होता.

निवृत्तीनंतर मागच्या खोलीत तो स्कायलॉनच करत बसे. शाडूचे करायचा, पण इतके बारीक आणि लांब अंग शाडूत टिकत नाही, मधेच मोडते. मोडले की बादलीत भिजवायचा आणि पुन्हा करायचा. खिडकीच्या फळीवर त्यांतले एक नेहमी असे. आज असलेले उद्या मोडलेले असे, परवा दुसरे असे, आणि घरातल्यांना सवयीने ते सगळे एकच वाटत असे. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मागच्या नव्हे, तिच्या आदल्या दिवाळीच्या तोंडावर, इंग्लंडातली ती इंजिनाची कंपनी बंद पडली. दिवाळीनंतर मी पेणला गेलो. मला वाटले, माणूस खचला असेल. तो फणसाखाली बसून शाडू मळत होता. मी विषय काढला, तेव्हा म्हणाला, “आता ते काय करायचे नायत. म्हंजे राहिलं माझ्यावर.” आणि हसला. या वेळी त्याला प्लास्टरचे, टिकणारे करायचे होते. मी त्याला माझा शहाणपणाचा सल्ला दिला की रबराचा साचा कर, मंगेशला सांग, दहा प्रती काढता येतील, शाळांना देऊ. तो माती मळत राहिला. मग जे बोलला ते मी शब्दशः देतो.

“मास्तर, आपल्याकडं साचा लागतो, कारण आपली वस्तू दर साल पाण्यात जाते. परत येणारी वस्तू एकच पुरते. तिला साचा कशाला ठेवायचा?”

ही आमची शेवटची नीट भेट. पुढे माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, मग गुडघ्यांनी असहकार पुकारला, आणि फोनवर आम्ही दोघेही फारसे बोलणारे नव्हतो. त्या वर्षात खोलीत काय घडले ते मी पाहिलेले नाही. मंगेशनेही पाहिलेले नाही, एवढे मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

लेख आल्यानंतर मी पेणला जाऊन थेट कारखान्यात शिरलो. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती रांगांनी उभ्या होत्या आणि मंगेश एका मोठ्या मूर्तीवरून रबराचा साचा सोलत होता, पायातला मोजा काढावा तसा. मला पाहून म्हणाला, “या मामा. वाचलंत? लोकांचे सारखे फोन येतायत.” मी म्हटले, फोन येतात ते ठीक, खरे लिहिलेस का? त्याने हात पुसले. माघी गणपतीच्या आधी मागचे अंगण साफ करताना फणसाखाली फुटक्या प्लास्टरचा ढीग त्याला मिळाला होता. वक्र तुकडे, लांबट, साच्याचेच. काकूने सांगितले होते की गेल्या दिवाळीनंतर दुपार-दुपारभर मागून ठोकण्याचा आवाज यायचा. एवढ्यावरून त्याने लेख लिहिला. ते तुकडे कुठे आहेत, असे मी विचारले. गल्लीतल्या खड्ड्यांत टाकले, त्यावरून आता टेम्पो जातात. मी त्याला फोडसाचा समजावून सांगितला. त्याने सगळे शांतपणे ऐकले. त्याचा जन्म रबराच्या काळातला. त्याच्या लेखी साचा ही पूजेची वस्तू आहे, आणि ती फोडणारा माणूस एकतर वेडा झालेला असतो किंवा हरलेला. त्यात त्याचा दोष नाही. ही चूक पेणमध्येच होऊ शकते.

“मामा, तुम्ही म्हणताय तसं असेलही,” तो म्हणाला, “पण मग त्यातून निघालेलं विमान कुठं हाय? खिडकीतलं तर जुनंच हाय. मी लहानपणापासून बघतोय.”

“रागाने फोडणारा माणूस दुपार-दुपारभर ठोकत बसत नाही.”

“ते तुमचं म्हणणं झालं. पुरावा द्या, मी स्वतः पुरवणीला लिहून देतो की मी चुकलो.”

मी शालूकडे गेलो आणि कुलूप उघडायला सांगितले. ती किल्ली हातात घेऊन दारात उभी राहिली. “तू भांडायला आलायस, दादा. मला आता भांडण नको,” ती म्हणाली. मी म्हटले, भांडण मंगेशशी आहे, तुझ्याकडे चहा मागायला आलो आहे. तेव्हा तिने दार उघडले. खोली तशीच होती. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर कपांच्या तळांची दोन वर्तुळे. शाडूची बादली कोरडी पडलेली. दुपारचे ऊन फणसाच्या पानांतून हिरवे होऊन आत येत होते, आणि खिडकीच्या फळीवर स्कायलॉन होते. नाक आभाळाकडे, इतके हलके की शालूने पंखा लावला तेव्हा ते आता सुटेल असे मला वाटले. मी ते उचलले. हाताला थंड लागले. नखाने टिचकी मारली, तर शाडूचा बद्द आवाज आला नाही, प्लास्टरचा आला. अंगावर बोट फिरवले, नाकापासून शेपटीपर्यंत, सांधा नव्हता. मंगेश म्हणेल, सांधा घासून काढता येतो, आणि ते बरोबर आहे. म्हणून मी ते खिडकीशी उजेडात नेले, उलटे केले, आणि नव्या डोळ्यांनी पाहिले. मग ते शालूसमोर धरले.

तिने चष्मा पुसून पुन्हा लावला. पंखाच्या मुळाशी बोट नेले, पण टेकवले नाही. “माझी नीळ,” ती म्हणाली. मग खुर्चीत बसली, तिच्या स्वतःच्या, डावीकडच्या. “अख्खी बाटली संपली होती. मी कामवालीला बोलले, तिनं बिचारीनं दोन दिवस तोंड फुगवलं. हे इथंच बसून ऐकत होते… एक शब्द बोलले नायत.” आणि अनंत गेल्यापासून पहिल्यांदाच मी माझ्या बहिणीला हसताना पाहिले. नंतर तिने दोन कप चहा आणला, आणि स्टुलावरच्या त्या वर्तुळांवरच ते ठेवले.

मंगेशला मी निरोप पाठवला आहे. आखणीचे काम संपले की तो येईल. न आला तरी खोली आता दुपारी उघडी असते. तुकडे टेम्पोखाली गेले, माती बादलीत विरली, कंपनी बंद झाली, आणि माझ्या आठवणींवर कोणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी पेणला जावे, शालिनीची परवानगी घ्यावी, आणि खिडकीतले यान उलटे धरून डाव्या पंखाच्या मुळाशी, पोटाकडच्या बेचक्यात पाहावे. जिथे पटाशी पोहोचत नाही अशा त्या जागी निळ्या प्लास्टरची एक बारीक रेघ आहे.